चौसष्टपट उजेड

छायालेखक : एसटी स्टँडच्या बाकावर एक म्हातारा बसलाय. कॅमेरा दोन मीटरवर, पन्नासची लेन्स. कॅमेरा हलत नाही, म्हातारा हलत नाही. मागे फलाटाला लागलेल्या गाड्या, पिशव्या घेऊन धावणारी माणसं, पाण्याच्या बाटल्या विकणारा एक पोरगा. म्हाताऱ्याला फोन येतो. तो ऐकतो आहे, आणि त्याच्या ऐकण्याबरोबर मागचा स्टँड विरत जातो. आधी गाड्यांच्या पाट्या पुसट होतात, मग गाड्यांचे नुसते लाल डाग उरतात, शेवटी फक्त त्याचा चेहरा. कट नाही, झूम नाही, ट्रॉली नाही. उजेडही कमीजास्त झालेला नाही. एफ १६ वर सुरू झालेला शॉट वीस सेकंदांत एफ २ वर आला, एवढंच. गेली तीस वर्षं हा शॉट माझ्या डोक्यात आहे. नुसतं लेन्सचं भोक, ॲपर्चर, उघडलं तर काय होतं ते तुला ठाऊक आहे. एफ १६ पासून एफ २ पर्यंत सहा स्टॉप. दर स्टॉपला उजेड दुप्पट, म्हणजे शेवटी चौसष्टपट. अर्ध्या वाटेवरच चित्र पांढरंफटक. म्हणून आत येणारा उजेड जितका वाढेल तितकाच दुसरीकडे कापायचा, त्याच क्षणी आणि त्याच प्रमाणात. सगळं कसब त्या कापण्यात आहे.

संकलक : दादा, तीस वर्षं डोक्यात आहे म्हणून घ्यायचा, हे कारण मला पुरत नाही. माझ्या टेबलावर हेच काम दोन शॉट करतात. एक लांबचा, त्यात स्टँड दिसतो. एक जवळचा, त्यात चेहरा दिसतो. फोन वाजला की कट. प्रेक्षक कटला सरावलेला आहे, त्याला कळतं की आता मला इथून उचलून तिथे ठेवलं. तुमचा शॉट मात्र माझ्या डोळ्यांदेखत स्टँड काढून घेतो आणि काढून घेतल्याचं सांगतही नाही. ते एक. दुसरं, हा चौसष्टपट उजेड कुणाच्या तरी पदरात पडणारच. ‘एक्स्पोजर स्थिर ठेवलं’ असं जेव्हा जेव्हा मला सेटवरून सांगितलं गेलं, तेव्हा दुसरं काहीतरी हललेलं होतं आणि ते निस्तरणं माझ्या वाट्याला आलं होतं. तेव्हा आधी हिशेब द्या. कापणार कुठे?

छायालेखक : देतो. सगळ्यात सोपं शटर. पंचवीस फ्रेमला आपण सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं शटर लावतो. एफ १६ ला ते ठेवलं, तर एफ २ ला पोचेपर्यंत ते बत्तीसशेव्या भागावर न्यावं लागेल. उजेड जागच्या जागी राहील, पण मागून धावणारा माणूस शॉटच्या सुरुवातीला वाहता दिसेल आणि शेवटी तुटक तुटक, जणू कुणी त्याचे फोटो काढून ओळीने लावलेत. शिवाय स्टँडवर ट्यूबलाइट आहेत. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्‌झची, दिवे सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होतात. पन्नासाव्या भागात ते पचतं, बत्तीसशेव्यात चित्रावर पट्टे धावायला लागतात. फिल्मच्या काळात आरीफ्लेक्स ४३५ वर शटर चालत्या शॉटमध्ये बदलायची सोय होती, १८० अंशांपासून ११.२ पर्यंत. म्हणजे चार स्टॉप. शॉटमध्ये मध्येच गती बदलायची असली की आम्ही ती वापरायचो, आणि तिथे ती चपखल बसायची, कारण गती बदलणं हाच त्या शॉटचा विषय असायचा. इथे माझा विषय हालचाल नाही. मागच्या माणसांची चाल बदलली तर शॉट खोटा पडेल.

मग आयएसओ. सहा स्टॉप म्हणजे २०० ते १२,८००. एफ १६ ला चित्रात वाळू उडालेली आणि एफ २ ला काचेसारखं स्वच्छ. एकाच शॉटमध्ये दोन कॅमेरे वापरल्यासारखं. दिवे मंद करणं? बंद खोलीत जमेल, पण चौसष्टपट उजेडात नट डोळे बारीक करून बसेल आणि दिवे उतरताना त्याच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या क्लोजअपमध्ये दिसतील. पिवळे दिवे असतील तर मंद होताना तांबूसही होतील. स्टँडवर तर सूर्याला डिमर नाही. म्हणून उरतो एनडी. लेन्सपुढे राखाडी काच, जिचा काळसरपणा ॲपर्चरच्या चालीने वाढत जाईल.

संकलक : फिरवायचा एनडी, दोन पोलरायझरवाला. तो तुम्ही एकदा वापरला होतात, ते रश मी पाहिलेत.

छायालेखक : पाहिलेस ना? मग ते का फसलं ते ऐक, कारण त्यातच मला हे यंत्र कळलं. एक जण ॲपर्चरच्या रिंगवर, दुसरा फिल्टरच्या रिंगवर. दोघांना मोजून दिलं होतं, एक-दोन-तीन, दर तीन सेकंदांना एक स्टॉप. ॲपर्चरवाल्याचं सोपं होतं, सिनेलेन्सवर स्टॉपमधली अंतरं साधारण सारखी असतात. फिल्टरचं तसं नाही. दोन पोलरायझर समांतर असताना सुरुवात केली, तर पहिला स्टॉप कापायला काच ४५ अंश फिरवावी लागते. दुसऱ्याला आणखी १५. तिसऱ्याला नऊ-साडेनऊ. असं करत करत सहाव्या स्टॉपला जेमतेम तीन अंश. बोटभर सरकवायची आणि केसभर सरकवायची, दोन्हींना वेळ तेवढाच. माझा असिस्टंट हुशार मुलगा होता, पण शेवटच्या तीन अंशांत त्याचा श्वास लागला तरी चित्र दचकायचं. अकरा टेक घेतले. प्रत्येकात म्हाताऱ्याचा चेहरा शेवटी एकदा उजळतो आणि एकदा विझतो.

संकलक : चेहरा तर झालाच. मी दुसरंही पाहिलं. मागे उभ्या गाडीच्या पुढच्या काचेवर आभाळाचं प्रतिबिंब होतं. शॉटच्या अर्ध्यात ते नाहीसं झालं आणि आतला ड्रायव्हर दिसायला लागला. मग पुन्हा आभाळ. मला आधी वाटलं, ढग आला असेल. तो ढग नव्हता, तुमच्या फिल्टरची पुढची काच फिरत होती. पोलरायझर काचेवरची, पाण्यावरची, तेलकट कपाळावरची चकाकी खातो, आणि तो फिरला की काय खायचं ते बदलतो. म्हणजे उजेड स्थिर ठेवता ठेवता तुम्ही ड्रायव्हरला हजर केलंत आणि गायब केलंत. पहिल्या चार सेकंदांत आभाळात तीन काळे ठिपके होते, ते पुढे विरघळले. ती सेन्सरवरची धूळ. एफ १६ ला ती उमटते, एफ २ ला दिसत नाही. आणि कोपरे. सुरुवातीला चारी कोपरे चेहऱ्याइतकेच उजळ, शेवटी चांगले दीड स्टॉप काळे, कारण मोठ्या ॲपर्चरच्या लेन्स पूर्ण उघडल्या की कडांना उजेड कमी देतात. आता मला सांगा, यातलं स्थिर काय होतं?

छायालेखक : धूळ पुसता येते, तो माझा हलगर्जीपणा. चकाकीचं म्हणशील तर मागची काच फिरवायची आणि पुढची बांधून ठेवायची, मग प्रतिबिंब हलत नाही. हाताचा थरथराटही आता राहिलेला नाही. सिनेफेड नावाची यंत्रणा आहे, तिच्यात फिल्टरची मोटर आणि ॲपर्चरची मोटर एकमेकींना बांधलेल्या असतात. एक हलली की दुसरी तेवढीच भरपाई करते, ते ४५ आणि तीन अंशांचं गणित तिच्या पोटात. सोनीने २०१५ च्या एफएस५ पासून कॅमेऱ्याच्या आतच द्रव-स्फटिकाचा एनडी बसवला. त्यात काच फिरतच नाही, वीज कमीजास्त झाली की काळसरपणा बदलतो. तो एक-चतुर्थांशापासून एकशेअठ्ठाविसाव्या भागापर्यंत सलग जातो. भरपाई कॅमेऱ्यावर सोपवायची आणि आपण फक्त ॲपर्चर फिरवायचं.

संकलक : चारापासून एकशेअठ्ठावीस म्हणजे बत्तीसपट. पाच स्टॉप झाले. तुम्हाला सहा हवेत.

छायालेखक : हो, एक कमी पडतो. आणि पहिले दोन स्टॉप तर तो नुसता उभा राहूनच खातो, म्हणजे एफ १६ ला उजेडाची आधीच मारामार, त्यात ही भर. म्हणून मी एफ २.८ वर थांबेन. कोपऱ्यांचं मात्र मान्य, ते मला थांबवता येणार नाहीत. लेन्स उघडली की तिचा स्वभावच बदलतो. कडा मऊ होतात, मागचे दिवे गोल होतात, बंद असताना तेच दिवे पात्यांच्या संख्येप्रमाणे कोनदार असतात. काही लेन्समध्ये फोकसचा बिंदूही किंचित सरकतो. तेव्हा ‘एक्स्पोजर स्थिर’ याचा माझा अर्थ एवढाच की म्हाताऱ्याच्या गालावर मीटर धरला, तर पहिल्या आणि विसाव्या सेकंदाला चित्रात तो गाल तेवढाच उजळ हवा. बाकी सगळं हललं तर हलू दे.

संकलक : हे बरं झालं तुम्ही स्पष्ट बोललात. म्हणजे ज्याला आपण उजेड म्हणत होतो तो एका गालाचा उजेड आहे. ते लक्षात ठेवते, मला त्याकडे परत यायचंय.

पण माझं खरं भांडण यंत्राशी नाही. यंत्र उद्या निर्दोष होईल. माझं भांडण त्या विरघळणाऱ्या स्टँडशी आहे. मी रोज आठ-दहा तास दुसऱ्यांची चित्रं बघते. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या चित्रांमध्ये मागचं जग उरलेलंच नाही. मुलाखत असो, लग्न असो, शेतकऱ्याच्या बांधावरची बातमी असो, चेहरा धारदार आणि मागे दुधाळ लोणी. फोनसुद्धा तेच करतात. शेतकरी कोणत्या पिकात उभा आहे ते मला कळत नाही. बाई कोणत्या चाळीत राहते ते कळत नाही. आम्ही बघणाऱ्यांनी जागा वाचणं सोडून द्यावं असंच जणू ठरलंय. आणि तुम्हाला यात आणखी एक पाऊल टाकायचंय. आता नुसतं धूसर जग नको, तर समोर दिसणारं जग धूसर होताना दाखवायचं.

मला ‘कोर्ट’ आठवतो, चैतन्य ताम्हाणेंचा, २०१४ चा. मृणाल देसाईंचा कॅमेरा कोर्टाच्या खोलीत एका जागी उभा राहतो आणि राहतो. वकील बोलतो आहे, पण टंकलेखकही दिसतो, आपल्या पुकाऱ्याची वाट बघत मागे बसलेली माणसंही दिसतात. कुणाकडे बघायचं ते मी ठरवते. त्या मागच्या बाकावरच्या माणसांमुळे मला न्यायालय कळतं. तिथे तुमची वीस सेकंदं लावली असती तर मला एका वकिलाचं भाषण मिळालं असतं. समीक्षक आंद्रे बाझाँ हेच सांगत होता ना, की खोलवर स्पष्ट असलेल्या चित्रात निवड प्रेक्षकाकडे राहते?

छायालेखक : बाझाँने ज्या चित्रांवरून ते सांगितलं त्यातलं एक ‘सिटिझन केन’, १९४१, कॅमेरा ग्रेग टोलंडचा. त्यातला केनच्या बायकोच्या, सुसानच्या, खोलीतला शॉट आठव. अगदी पुढे पेला आणि चमचा, मध्ये अंथरुणात सुसान, लांब मागे दार, आणि दार फोडून केन आत येतो. त्यातला पेलाही स्पष्ट आणि दारही स्पष्ट. प्रेक्षकाच्या स्वातंत्र्याची ग्वाही म्हणून हा शॉट दाखवतात. तो एका वेळी घेतलेलाच नाही. आधी पेल्यावर उजेड ठेवून मागे काळोख केला, घेतला, फिल्म मागे गुंडाळली, मग पेला काळोखात ठेवून खोली घेतली. कोणत्याही ॲपर्चरला ते दोन्ही एकदम मिळाले नसते. तेव्हा खोलवरचं स्पष्ट चित्र म्हणजे निसर्गाने दिलेलं आणि धूसर चित्र म्हणजे आम्ही लादलेलं, असं समजू नकोस. दोन्ही बनवावी लागतात. टोलंडला तर त्यासाठी दिव्यांचा ढीग लागायचा.

आणि दुसरं बघ. बालगंधर्वला नाटकाला बसलीयेस. घरातली पाच माणसं रंगमंचावर आहेत. एक बाई पुढे येते, स्वतःशी बोलायला लागते. हळूहळू बाकीच्यांवरचे दिवे उतरतात, तिच्यावरचा राहतो. कुणी ओरडतं का, की माझ्या नजरेखालून चार माणसं पळवली? आपल्या प्रेक्षकाला पिढ्यान्‌पिढ्या हे माहीत आहे. मला तेच हवंय, फक्त काळोख न करता. नाटकात ती चार माणसं अंधारात जातात. स्टँडवर दुपारी बाराला अंधार पडत नाही. म्हाताऱ्याच्या घरी कुणी गेलं म्हणून ऊन जात नाही. ऊन तेवढंच असतं, माणसं तेवढीच असतात, फक्त त्याच्यापर्यंत पोचायची थांबतात. ते दाखवायला उजेड न हलवता जग दूर करावं लागतं. म्हणून मला स्थिर एक्स्पोजरचा एवढा हट्ट. उजेड हलला की तो नाटकाचा दिवा झाला.

संकलक : नाटकात दिवा उतरतो ते मला दिसतं, दिवा वर टांगलेला आहे हे ठाऊक असतं. तो आमच्यात आणि नाटकवाल्यांत ठरलेला करार आहे. तुमच्या वीस सेकंदांत करार कुठे आहे? तुम्हाला तर ते कुणाच्या लक्षातच यायला नको आहे. मग मला कळणार नाही की हे म्हाताऱ्याला झालंय, का मला, का लेन्सला. आणि लक्षात आलं तर आणखी वाईट. ‘व्हर्टिगो’त, १९५८ साली, कॅमेरा आणि झूम उलट दिशांना हलवून जिन्याची खोली ताणली. तिथे एका माणसाच्या उंचीच्या भीतीचं ते अंग होतं. पुढे इतक्यांनी ते इतक्या ठिकाणी वापरलं की आता ते दिसलं की लोक ओळखतात, ‘हां, ते व्हर्टिगोवालं.’ म्हातारा बाजूला राहतो.

तरी एक गोष्ट मला कबूल करायला हवी, कारण ती तुम्ही बोलला नसलात तरी मला टोचते आहे. तुम्ही चित्रात जे मागता ते मी आवाजात नेहमी करते. फोन वाजला, वाईट बातमी आली, की स्टँडचा गलका मी हळूहळू खाली घेते. कंडक्टरची घंटी, कुल्फीवाला, ध्वनिक्षेपकावरची गाड्यांची घोषणा, सगळं कापसात गुंडाळल्यासारखं होतं आणि म्हाताऱ्याचा श्वास राहतो. कुणीही मला विचारलेलं नाही की हा स्टँड कुठे गेला. मीही स्वतःला विचारलेलं नाही, आजपर्यंत.

छायालेखक : मग आवाजाला जे चालतं ते चित्राला का चालत नाही?

संकलक : आवाजाला कड नसते म्हणून असेल. गलका अर्धा झाला तरी तो गलकाच असतो, त्यातला अमुक एक माणूस नाहीसा झाला असं होत नाही. चित्रात तो पाणी विकणारा पोरगा नाहीसा होतो. दहाव्या सेकंदाला त्याला चेहरा होता, पंधराव्याला नाही. मला त्याचा राग येतो. हा युक्तिवाद नाही, मला माहीत आहे. पण मला तो येतो.

छायालेखक : तो राग मी समजू शकतो. आणि म्हणून आता तुला उरलेला अर्धा शॉट सांगतो, जो मी मुद्दाम मागे ठेवला नव्हता, तुझ्या बोलण्यातूनच तो मला दिसायला लागलाय. उलट कर. शॉट एफ २.८ वर सुरू होऊ दे. फक्त म्हातारा. मागे लाल-पिवळे डाग. तो कुठे बसलाय ते ठाऊक नाही, दवाखाना असेल, घर असेल. फोन ठेवलाय, बातमी येऊन गेली आहे. तो खूप वेळ तसाच बसलेला. आणि मग हळूहळू डागांना कडा येतात. लाल डागाची गाडी होते. गाडीला पाटी येते. पाटीखाली माणसं येतात. तुझा तो पोरगा येतो, बाटल्यांची टोपली घेऊन, आणि त्याला चेहरा मिळतो. म्हाताऱ्याला आता उठून गाडी पकडायची आहे. जग त्याच्याकडे परत आलंय, आणि त्याला नको असताना आलंय.

मी आयुष्यभर शॉटमध्ये ॲपर्चर फिरवलेलं आहे, हे विसरू नकोस. नट माजघरातून अंगणात आला की आम्ही चालत्या शॉटमध्ये ॲपर्चर बंद करत जातो, नाहीतर अंगण जळून जाईल. त्या प्रत्येक शॉटमध्ये चित्राची खोली बदललेली आहे. माजघरात मागची भिंत पुसट, अंगणात तुळशीवृंदावनामागचं कुंपणसुद्धा स्पष्ट. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही आलं नव्हतं. उजेड सांभाळायच्या नादात आम्ही जग उघडत-मिटत होतो. आता मला ते जाणूनबुजून करायचंय, एवढंच.

संकलक : थांबा. हा शॉट वेगळा आहे. पहिल्यात तुम्ही मला म्हाताऱ्याच्या आत ढकलत होता. इथे मी त्याच्याबरोबर बाहेर येते आहे. मला वाटलं होतं की उजेड स्थिर ठेवून ॲपर्चर बदलणं म्हणजे नेहमी काहीतरी काढून घेणंच. देताही येतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पण मग माझ्या अडचणी बदलतात, संपत नाहीत. पन्नासच्या लेन्सला दोन मीटरवर एफ १६ ठेवलंत तरी स्पष्ट काय राहतं? साधारण दीड मीटरपासून सव्वातीन मीटरपर्यंत. गाड्या पंधरा मीटरवर आहेत. त्या वाचता येतील न येतील अशा राहतील. पोरग्याला चेहरा मिळेल असं तुम्ही म्हणता, मला वाटतं अर्धा मिळेल. पूर्ण हवा असेल तर चोवीसची लेन्स घ्या, तिला एफ १६ ला पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं मिळतं. पण ती उघडली की मागचं विरत नाही, एफ २ लाही गाडी गाडीच दिसते, जरा मऊ. म्हणजे एक लेन्स तुम्हाला सुरुवात देते आणि दुसरी शेवट देते. दोन्ही टोकं देणारी लेन्स नाही.

छायालेखक : नाही. पन्नासच घेईन. अर्धा चेहरा चालेल मला. बातमीनंतर जग पूर्ण परत येतं असं मला तरी आठवत नाही.

संकलक : आणि हे सगळं सेटवरच का? २०२१ च्या आयफोन १३ पासून सिनेमॅटिक मोडमध्ये खोली नंतर बदलता येते. चित्र घ्यायचं, मग फोनमध्येच एफचा आकडा सरकवायचा. उजेडाला धक्का लागत नाही, कारण खरं ॲपर्चर हललेलंच नसतं. पोलरायझर नाही, मोटर नाही, तीन अंश नाहीत. कोपरेसुद्धा काळे होत नाहीत. तुमच्या व्याख्येत बसणारं सगळ्यात शुद्ध उत्तर ते आहे.

छायालेखक : ते यंत्र अंदाज करतं की कोण पुढे आणि कोण मागे. म्हाताऱ्याच्या कानावरचे पांढरे केस, चहातून उठणारी वाफ, चष्म्याच्या काचेतून दिसणारी गाडी. यातलं पुढे काय आणि मागे काय? चष्म्याची काच पुढे आहे, तिच्यातली गाडी मागे. लेन्सला हे ठरवावंच लागत नाही, उजेड जिथून आला त्याप्रमाणे तो पसरतो. त्या यंत्राला ठरवावं लागतं आणि केसांपाशी, वाफेपाशी ते चुकतं. उद्या चुकणार नाही असं तू म्हणशील. असेल. पण मला आणखी एक हवंय. ती वीस सेकंदं नटाच्या श्वासाबरोबर जावीत. तो कधी डोळे वर करतो ते बघून माझ्या माणसाने रिंग सोडावी. तबलजी गायकाच्या तोंडाकडे बघत ठेका धरतो, तसं. नंतर खुर्चीत बसून ओढलेली रेघ वेगळी असते.

संकलक : खुर्चीत बसून रेघ मीच ओढते, दादा. माझ्या हाताला श्वास नाही असं म्हणू नका.

छायालेखक : नाही, तसं नाही म्हणायचं मला. चुकलं बोलण्यात. पण तू जी रेघ ओढतेस ती घेतलेल्या श्वासावर ओढतेस.

संकलक : आणि तुम्ही ती शॉटच्या आत ओढलीत की माझ्याकडे काही उरत नाही. दहाव्या सेकंदाला तोडून दुसरीकडे जाऊन परत येता येणार नाही, परत येईन तेव्हा स्टँड वेगळा असेल. आधीच्या टेकची सुरुवात आणि नंतरच्या टेकचा शेवट जोडता येणार नाही. वीस सेकंदं म्हणजे वीसच, बारा जास्त चांगली वाटली तरी. तुम्ही हा निर्णय सगळ्यांच्या वतीने, त्या दुपारी, एकदाच घेणार. मी ते नाकारत नाही. पण तुम्ही निर्णय घेताय हे तुम्हाला कळलेलं असावं.

आता तो गाल. तुम्ही म्हणालात, मीटर गालावर. म्हातारा छपराखाली सावलीत आहे, फलाट उन्हात. दोन्हींत तीन स्टॉपचा फरक धरू, म्हणजे उन्हात आठपट उजेड. गाल नीट दिसेल असं एक्स्पोजर बांधलंत तर फलाट जळतो. एफ २.८ ला त्याने काही बिघडत नाही, जळालेले डाग सुंदरच दिसतात. एफ १६ ला काय होईल? कडा येतील, पण पाटीवर अक्षरं नसतील, पांढरी पट्टी असेल. पोरग्याला चेहरा मिळेल म्हणालात, त्या चेहऱ्यावर फक्त ऊन असेल. खोली परत आणलीत आणि उजेड म्हाताऱ्याकडेच बांधून ठेवलात, तर जग परत आलं असं कसं म्हणायचं?

छायालेखक : मी ढगाळ दिवशी घेणार होतो. जूनमध्ये, पाऊस पडून गेल्यावर. तेव्हा आत-बाहेर स्टॉपभराचाच फरक असतो.

संकलक : तेव्हा प्रश्न सुटेल का दिसेनासा होईल?

छायालेखक : … दिसेनासा होईल. बरोबर आहे तुझं. मी खोली आणि उजेड एकमेकांपासून सोडवायला निघालो होतो. एक हलवायची, दुसरा धरून ठेवायचा, म्हणजे जे बदललं ते फक्त खोलीमुळे बदललं असं छातीठोकपणे म्हणता येईल. पण एफ २.८ ला तो गाल म्हणजेच सगळं चित्र असतं. एफ १६ ला तो चित्राचा एक तुकडा होतो. मीटर त्याच जागी धरून बसलो तर मी अजून पहिल्याच शॉटमध्ये आहे. मग काय करायचं? एनडीला भरपाई पूर्ण करू द्यायचीच नाही? पाच स्टॉप ॲपर्चरने घेतले आणि काचेने साडेतीनच परत दिले, तर चित्र दीड स्टॉप खाली येईल. पाटी वाचता येईल. पण मग उजेड हलला. ज्याला मी नाटकाचा दिवा म्हणालो तोच झाला तो.

संकलक : मला माहीत नाही. मला दोन्ही टेक बघायचेत. कडक उन्हात, दुपारी बाराला, ढगांची वाट न बघता. एकात उजेड गालावर बांधलेला. दुसऱ्यात दीड स्टॉप उतरणारा.

छायालेखक : दुसऱ्यात शेवटी म्हाताऱ्याचा चेहरा काळवंडेल. डोळे दिसायचे नाहीत.

संकलक : काळवंडू दे. तोपर्यंत मी त्याच्याकडे बघते आहे का पोरग्याकडे, ते मला माझ्या टेबलावर कळेल. आणि सेन्सर पुसून घ्या.